कुत्र्यांच्या जेवनाची जागा

कुत्रं हाकलायचं तर आमच्या औंढे गावात दगूड उचलत्यात. नुसतं खाली वाकलं तरी बास, कुत्रं पार बांधापल्याड. आमच्या सोसायटीत मातुर कुनी दगूड उचलला न्हाई, कुनी 'हाड' सुदिक म्हनलं न्हाई. कागद काढला. लय गोड कागद. वर 'प्रिय सभासद', खाली 'आपला विश्वासू'. त्या कागदापायी मला अजून धड घास गिळवत न्हाई.

मी सविता. तुंगार्लीच्या तळ्यापासनं वर चढलं की डोंगराला टेकून एक पांढरी इमारत लागती, तितं मी साफसफाईची मुख्य. चाळीस फ्लॅट. मालक समदे शनिवारी येत्यात आन रविवारी जेवून परत मुंबई-पुन्याला. बारा म्हैने ऱ्हानारं मानूस एकच, तिसऱ्या मजल्यावरच्या मुक्ताबाई. शाळंत शिकवायच्या, आता पंचाहत्तरी उलटली. मी त्यांना बाईच म्हनते. कंबरंत अशा वाकल्यात की माझ्याशी बोलायचं तर मान तिरपी करून वर बघत्यात. जीभ मातुर ताठ. "सविता, जिन्यात केर तसाच आहे, डोळे गावाला ठेवून आलीस का?" असं बोलायच्या, आन दुपारी हाक मारून च्या पाजायच्या.

माझा नवरा गेला तवा दिरांनी मला घरात ठिवलं न्हाई. सोसायटीनं जिन्याखाली खोली दिली. नोकरी हाय तवर खोली. हे आदीच सांगून ठिवते, म्हंजी मागनं मला शिव्या घालताना तेवढं ध्यानात असू द्या.

गेटावर चार कुत्री हुती. काळ्या, बुंदी, पिंट्या आन तीन पायांवर चालनारी गोदी. मालक कुनीच न्हाई. बाई त्यांना रोज सांजच्याला पार्किंगात भात घालायच्या. दिवाळीच्या सुट्टीत चेअरमन साहेबांकडं पाव्हनं आलं, त्यांच्याबरूबर स्वेटर घातलेलं एक कुत्रं आलं. ते गेलं काळ्याच्या भातात तोंड घालायला. काळ्यानं त्याचा कान फाडला. आता भुकेल्या कुत्र्याच्या ताटात तोंड घातल्यावर ते काय ओवाळील व्हय?

आदिनाथ साहेब, म्हंजी आमचे चेअरमन, लगीच गाडी बोलवून कुत्री उचलाया निघाले. बाईंनी मीटिंगमधी कायदा काढला. छापून आनला हुता, चष्मा लावून वाचला. गल्लीतली कुत्री हाकलता येत न्हाईत, त्यांना जेवू घालायला सोसायटीनं जागा ठरवून द्याया पायजे, असं त्यात हुतं. मी खुर्च्या पुसत ऐकत हुते. साहेब चिडतील असं वाटलं, पन ते हसले. "बरोबर आहे बाई. जागा देऊ की," म्हनले.

दुसऱ्या दिशी सकाळी त्यांनी मला मागच्या बाजूला बोलावलं. तितं कुंपनाच्या भिंतीत एक लोखंडी दार हाय. पलीकडं उतार, खाली ओहोळ, मंग करवंदीच्या जाळ्या आन वर डोंगूर.

"सविता, तू इथलीच ना? मग मला सांग, इकडे बिबट्या फिरतो म्हणतात, तो येतो कुठून?"

आता बगा, मी कशी येडी. आमच्यात नवी सून घरात आली की सासू तिला पैल्या दिशी पानवठा दावती आन दुसऱ्या दिशी जनावराची वाट. 'ह्या जाळीतनं उतरतंय, ह्या धोंड्यावर बसतंय, तिनीसांजा हितं फिरकू नको.' कुनी इचारलं तर वाट सांगायलाच पायजे, लपवली तर पाप लागतं म्हनत्यात. मला माझ्या सासूनं दावलीती. जनावराची वाट मानूस इचारतं ते तितनं जाऊ नये म्हनून. दुसऱ्या कशासाटी कुनी इचारील, हे माझ्या बापजन्मात मनात आलं न्हाई.

म्हनून मी मोठ्या तोऱ्यात सांगितली. दार उघडून खाली निऊन दावली. "ह्यो सपाट धोंडा हाय न्हवं, साहेब, हितं येतंय. थंडीत तर रोजच. दिस बुडाला की पानी प्यायला उतरतंय. आमच्या सासऱ्यांनी दोनदा बगितलंय." वर आनखी शानपना केला, "हितं उजेडाचा खांब लावा, दाराला कुलूप घाला."

"छान. बरं झालं तुला विचारलं," साहेब म्हनले आन मोबाईलवर त्या धोंड्याचा फोटू काढला. मला तर वाटलं, आता माझं नाव झालं. केरबाभाऊंना जाऊन फुशारकी मारली. केरबाभाऊ बेडश्याचे, आमच्या गेटावर वॉचमन. त्यांनी नुसतं "हं" केलं.

आठ दिवसांनी कागद आला. लिफ्टशेजारी मीच चिकटवला. 'पाळीव व भटक्या प्राण्यांबाबत नियमावली.' पट्टा पायजे, तोंडाला जाळी पायजे, मागच्या लिफ्टनं जा. ते ठीक हाय. चौथा नियम, फ्लॅटमधी कुत्रं ठिवायचं तर त्याच्या जातीचा दाखला द्यायचा. म्हंजी बाईंनी गोदीला घरात घ्यायची वाट बंद. तिच्या आईबापाचा पत्ता कुनाला ठावं? आन नववा नियम. भटक्या कुत्र्यांना जेवन फकस्त ठरलेल्या जागी, मागच्या दाराबाहेर सपाट दगडापाशी. येळ सायंकाळी साडेसहा ते सात. सभासदानं स्वता घालायचं. आवारात दुसरीकडं घातलं, न्हाईतर एक दिस जरी जागा मोकळी ऱ्हायली, तर कुत्री 'अन्यत्र हलवण्यात येतील'.

माझ्या हातातली चिकटपट्टी तशीच ऱ्हायली. साडेसहा, थंडीत! तवा तर दिस बुडून अर्दा घंटा झालेला असतो.

तेवढ्यात बाई काठी टेकत आल्या. वाचला कागद. आन मला म्हनल्या, "बघ सविता, कायदा आपल्या बाजूनं असला की चेअरमनलाही वाकावं लागतं." एवढ्या हरकल्या हुत्या! मला घरी बोलावून शिरा दिला. मी तो खाल्ला. तोंड उघडलं ते शिऱ्यासाठी. आग लागो माझ्या तोंडाला.

शनिवारी साहेबांना गाठलं. "साहेब, ती जागा जनावराची हाय. मी तुमाला सांगितलं हुतं न्हवं?"

"सविता, जागा तूच दाखवलीस. उद्या कोणी विचारलं, तर मी तेच सांगेन, की स्थानिक बाईनं दाखवली." गाडी पुसायचं फडकं त्यांनी माझ्या हातात दिलं. "आणि बिबट्याबिबट्या करत फिरू नकोस. इथे लोकांनी घरं घेतलीत. अफवा पसरवणारा स्टाफ आम्ही ठेवत नाही. खोली बरी आहे ना तुझी? गळत वगैरे नाही?"

"न्हाई, बरी हाय."

केरबाभाऊंनी समदं ऐकलं हुतं. "सविते, आपन भाकरीला बांधलेली मानसं," एवढंच म्हनले. मला त्यांचा राग आला. पन त्यांच्यावर कशाला रागवायचं? मी तरी कुटं मोकळी हुते?

बाई रोज साडेसहाला धोंड्यापाशी भात घालाया जायला लागल्या. सहाव्या दिशी पिंट्या गेला. बाई म्हनल्या, फिरायला गेला असंल. मंग बुंदी गेली. सकाळी दाराबाहेर झाडायला गेले तर गवत ओहोळापतूर कायतरी वढत नेल्यावानी झोपलेलं. केरबाभाऊ माझ्या मागं हुते. दोगं एकमेकांकडं न बगता परत आलो.

बाईंना वाटलं साहेबांनी चोरून गाडी बोलावली. नगरपालिकेला अर्ज लिवला, ठाण्यात अर्ज दिला. "सविता, तू सकाळी लवकर असतेस, गाडी दिसली का गं?" मला इचारायच्या. मी म्हनायची, "न्हाई बाई." खोटं न्हवतंच ते. गाडी आलीच न्हवती.

मला रातीला बाईंची पाठ दिसायची. त्या उभ्या असल्या तरी बसलेल्या मानसाएवढ्या. धोंड्यापाशी भात कालवाया वाकल्या की करडाएवढ्या. जनावर उभ्या मानसाच्या वाटंला सहसा जात न्हाई. ते बगतं फकस्त आपल्यापरीस ठेंगनं काय हाय ते.

मंग मी एक केलं. साडेसहाला बाईंच्या बरूबर जायला लागले. हातात पत्र्याचा डबा आन पळी, वाजवत जायचं, वाजवत यायचं. "हा काय तमाशा?" बाई इचारायच्या. "कुत्र्यांना कळाया नगं का जेवन आलंय?" मी म्हनायची. अकरा दिस एक कुत्रं गेलं न्हाई. अकरा दिस मला झोप लागली. तवाच बाईंना खरं सांगून टाकायचं सोडून मी डबा बडवत बसले. मनात म्हनायची, चाललंय न्हवं, मंग कशाला उगाच इस्तू पेटवा.

त्या दाराच्या वर साहेबांनी कॅमेरा बशिवला हुता. त्यात त्यांनी मुंबईत बसून माझा डबा बगितला. फोन आला. "सविता, नियमात सभासदानं स्वतः असं लिहिलंय. तू साडेसहाला जिने पुसायचे. तिथे पुन्हा दिसलीस, तर एजन्सीला सांगून दुसरी बाई घेतो. आणि नवीन बाईला खोली लागेलच."

"साहेब, बाई एकट्या जात्यात. त्यांना काय झालं तर?"

मंग म्हनले, "कुत्र्यांना खाऊ घाला, अशी कोणी सक्ती केली आहे का त्यांच्यावर?"

त्या दिवसापासनं मी जिने पुसाया लागले. तिसऱ्या दिशी काळ्या गेला. भुकनारं तेच एक हुतं. त्याच्यानंतर सांज झाली की आमच्या मागं निसता ओहोळ वाजायचा. शनिवारी आलेली मानसं गॅलरीत बसून म्हनायची, किती शांत झालं बाई आता!

उरली गोदी. ती शानी. लोखंडी दाराच्या आत बसून कुईकुई करायची, उंबऱ्याच्या भाईर पाय टाकायची न्हाई. बाई धोंड्यावर बसून हाका मारायच्या, "ये गं गोदे, ये, घाबरू नको." बाईंनी हाक मारली म्हनून ते मुकं जनावर तीन पायांवर थरथरत जायचं. हे मी जिन्याच्या खिडकीतनं बगायची. हातात फडकं. रोज म्हनायची, उद्या सांगते.

गेल्या शनिवारी साडेसहाला मी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत हुते. बाई धोंड्यापाशी बसल्या हुत्या, पाठ डोंगराकडं. गोदी दारात. ती एकाएकी कुईकुई करायची थांबली. अंग चोरून तिनं जाळीकडं बगितलं आन तितंच मुतली.

फडकं कुटं टाकलं ठावं न्हाई. जिना कसा उतरले ठावं न्हाई. साहेब गाडीतनं सामान काढत हुते, "ए सविता!" म्हनले, मी थांबले न्हाई. लोखंडी दारातनं भाईर गेले आन तितं थांबले, कारन पळायचं नसतं. पळालं की संपलं.

ओहोळाच्या पलीकडं जाळीत कायच दिसत न्हवतं. पन एक घान वास आला, कुजक्या मटनाचा. आन पाखरं गप.

"बाई," मी म्हनलं, "हळू उठा. माझा हात धरा. मागं बगू नका."

"काय गं? अजून भात कालवायचाय."

"उठा म्हनते न्हवं!" जल्मात पैल्यांदा मी त्यांच्यावर वरडले. त्या उठल्या. मी त्यांना माझ्या पाठीमागं घेतलं, तोंड जाळीकडं ठिवलं आन पावलं मागं टाकाया लागले.

अशा येळी बोलत ऱ्हायचं असतं. मोठ्यानं, मानसाच्या आवाजात, न थांबता. जनावराला कळाया पायजे की ह्ये मानूस हाय. आमची सासू म्हनायची, गानं म्हना, शिव्या द्या, कायपन, पन आवाज तुटू दिऊ नका. मला गानं आठवंना. शिवी आठवंना. तोंड उघडलं तर भाईर आलं ते ह्येच.

"बाई, ही जागा मीच दावली. साहेबांना मीच दावली! जनावर हितं पानी पितंय म्हनून मीच सांगितलं! पिंट्या गाडीत न्हाई गेला, बुंदी न्हाई गेली, गवत म्या बगितलंय! काळ्याबी हितंच गेला! तुमी त्यांना हाका मारून आनायच्या आन मला ठावं हुतं! साहेबांना सुदिक ठावं हाय! मी डबा वाजवत हुते ते कुत्र्यांसाटी न्हाई, तुमच्यासाटी! मंग मी खोलीसाटी थांबले! खोलीसाटी थांबले, बाई! तुमी करडाएवढ्या दिसता हितनं, आन मी वरनं बगत हुते!"

जाळीत काटकी मोडली. करवंदीची फांदी हालली. मी आनखी मोठ्यानं वरडले, तेच तेच, घसा फाटंस्तवर. बाईंचा हात माझ्या हातात गार पडला हुता. दार पाठीला लागलं. आत आलो, कडी घातली. गोदी बाईंच्या पायात शिरली.

बाई भिंतीला टेकल्या. मी त्यांच्या पायाशी बसले, म्हनलं, "मारा मला, बाई."

त्यांनी माझ्या हातातला हात सोडवून घेतला. "मी त्यांना नावानं हाका मारत होते, सविता," म्हनल्या. "येत नव्हती ती. मी आणली त्यांना." गोदीच्या डोक्यावरनं हात फिरवत ऱ्हायल्या. मंग मान तिरपी करून माझ्याकडं बगितलं. "उद्या अकराला मीटिंग आहे. आत्ता बोललीस तेवढंच तिथं बोल. मी बोलले तर म्हणतील, म्हातारी बरळते. तू इथली आहेस, तुझ्या बोलण्यावर त्यांना जागा बदलावीच लागेल."

"बाई, माझी खोली..."

"माझ्या घरी राहा. पण बोल. जागा बदलली नाही, तर साडेसहाला मला परत जावं लागेल. एक दिवस चुकला, तर ते गोदीला गाडीत घालतील. चौघांतली ही एक राहिलीय, तिला मी सोडणार नाही."

"बोलते," मी म्हनलं. "आईची आन."

रविवारी अकराला खाली हॉलमधी बावीस मानसं जमली. च्या मीच केला. बाई शेवटल्या खुर्चीवर, गोदीला दाराबाहेर बांधून. साहेबांनी नववा नियम वाचला. म्हनले, आपन कायदा पुरता पाळला, कुनाला धक्का लावला न्हाई, आन आज तक्रार शून्य. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मंग साहेबांनी चष्मा काढला आन सरळ माझ्याकडं बगितलं. रागानं न्हाई, एकदम मायेनं.

"या विषयावर कोणाला काही बोलायचंय?"

माझ्या हातात ट्रे. मी मदोमद उभी. बाईंनी मान तिरपी करून माझ्याकडं बगितलं आन वाईच मान हालवली, बोल म्हनून. जाळीतल्या जनावरापुडं मी घसा फाटंस्तवर वरडले हुते. तितं मला येवढी भीती वाटली न्हवती.

सगळी माझ्याकडं बगाया लागली. तोंड तर उघडलंच हुतं. कायतरी बोलनं भागच हुतं.

"बिनसाखरंचा कुनाकुनाचा हाय?" मी म्हनलं.

तिघांनी हात वर केले.